रूळ तेच, गाड्या अधिक

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. आज मुंबई परिसरात उपनगरी गाड्यांच्या दररोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. तरीही गर्दी ओसरत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले व त्यांतील काहींना प्राणास मुकावे लागले. गाडीत जागा नसणे ही केवळ गैरसोय नव्हे.

मग गाड्या का वाढवीत नाहीत? नवे रूळ टाकावयाचे तर जमीन हवी, आणि शहरात ती दुर्मीळ आहे. म्हणून आहे त्याच रुळांवर अधिक गाड्या कशा धावतील, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

दोन गाड्यांमधील अंतर

एके काळी एकेरी मार्गावर स्टेशनमास्तरने दिलेला गोळा हाती आल्यावाचून चालक गाडी पुढे नेत नसे. दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी, हा त्यामागील नियम. पुढे स्वयंचलित सिग्नल आले व मार्गाचे लहान लहान टप्पे पडले. तथापि सिग्नलला एवढेच कळते की, पुढील टप्प्यात गाडी आहे. ती टप्प्याच्या आरंभी आहे की शेवटी, हे कळत नाही. त्यामुळे सुरक्षिततेसाठी बरेच अंतर मोकळे सोडावे लागते.

संगणक व रेडिओ यांवर आधारलेल्या नव्या यंत्रणेत प्रत्येक गाडी आपले स्थान व वेग सतत कळवीत असते. पुढील गाडी नेमकी कोठे आहे आणि आपणास थांबावयास किती अंतर लागेल, याचा हिशेब क्षणोक्षणी होतो. चालकाकडून चूक झाल्यास ब्रेक आपोआप लागतात.

शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर मांडावे. दर तीन मिनिटांस एक गाडी म्हणजे तासाला २०. दर दोन मिनिटांस एक म्हणजे ३०. रूळ तेवढेच, गाड्या मात्र दीडपट! लंडनच्या व्हिक्टोरिया भुयारी मार्गावर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावू लागल्या.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यास २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्या मंजुरीत अशा यंत्रणेचा समावेश होता व राज्य शासनही खर्चाचे भागीदार आहे. देशात विकसित झालेली 'कवच' प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय स्तरावर स्वीकारण्यात आली. तिचा मुख्य हेतू मात्र अपघात टाळणे हा आहे.

केवळ यंत्राने भागणार नाही

यंत्रणा बसविली की सर्व प्रश्न सुटले, असे मानणे चूक ठरेल. गाडी फलाटावर अधिक काळ खोळंबली, तर मागील गाडीला थांबावेच लागते. जलद व मंद गाड्या एकाच मार्गावर आल्या, अथवा एका मार्गाने दुसरा ओलांडला, तरी अंतर वाढते. वाढीव गाड्यांसाठी डबे, वीज, कारशेड आणि प्रशिक्षित माणसे लागतात. फलाट व पादचारी पूल अरुंद राहिले, तर गाडीतील गर्दी जिन्यावर येते, एवढेच.

येथे आपणा सर्वांचा संबंध येतो. रेल्वे फाटक वेळेवर बंद झाले नाही, तर गाडी सिग्नलपाशी उभी राहते. फाटकाऐवजी उड्डाणपूल व्हावा म्हणून लागणारी जमीन, जोडरस्ते आणि ग्रामस्थांची संमती यांत पंचायतीचा व महसूल अधिकाऱ्यांचा वाटा मोठा असतो. एका गावात रखडलेल्या पुलामुळे शेकडो गाड्यांचे वेळापत्रक कोलमडू शकते.

वाचलेले एक मिनिट क्षुल्लक वाटेल. परंतु दाराशी लोंबकळणाऱ्याला आत पाय ठेवण्यापुरती जागा अशा मिनिटांतूनच मिळणार आहे. ती मिळवून देणे हे जितके अभियंत्याचे, तितकेच आपलेही काम आहे.