व्रणाचं मोजमाप

अमेरिकेत सैन्यसेवेत झालेल्या जखमेच्या व्रणालाही अपंगत्व भत्ता मिळू शकतो. दावा फेटाळला गेला, तर वर्षाच्या आत माजी सैनिकांच्या अपील मंडळाकडे जाता येतं. तिथे बारकाईने पाहतात: चेहऱ्यावरचा व्रण पाव इंच रुंद आहे का? बोट फिरवलं की उंचवटा किंवा खळगा लागतो का? असं एक लक्षण असलं तरी 10 टक्के अपंगत्व धरतात. दुखरे व्रण एक-दोन असतील तर 10, तीन-चार असतील तर 20, पाच किंवा जास्त असतील तर 30. पण कॉलर घासली की मान कशी झोंबते, ते फुटपट्टी काय सांगणार? म्हणून सैनिकाचा स्वतःचा शब्दही पुरावा धरतात, आणि तेच न्याय्य आहे. दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ ठरले, तर कायद्याने निकाल सैनिकाच्या बाजूने लागतो.