षट्काय-रक्षण आणि गावाची पर्यावरण-यंत्रणा



जुन्या श्रावकांच्या घरी पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव, पाणी ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद परत सोडण्याची रीत होती. तिला जीवाणी म्हणत. परक्या पाण्यात ते जीव जगणार नाहीत, इतकी बारीक जाण त्या रीतीमागे होती. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस या षट्काय जीवांचा विचार जैन आचारात एकत्रच केला जातो. शासनव्यवहारात मात्र त्यांची वाटणी झालेली आहे.

केळव्याच्या किनाऱ्यावर हे सहज दिसते. रेती महसूल खात्याकडे, कांदळवन वन खात्याकडे, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि कारखान्यांचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पानमळ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले तर बागायतदाराने कोणाच्या दारी जावे, याला सरळ उत्तर नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांनी तारापूर देशात पहिले आले. हा क्रमांक लागण्यापूर्वीच, २०१६ मध्ये, मांगेला समाजाच्या परिषदेला हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले होते.

या सर्व खात्यांवर एकत्रित नजर ठेवणारी स्थानिक यंत्रणा असावी, ही कल्पना नवी नाही. तिचा प्रयोग शेजारच्या डहाणू तालुक्यात झाला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा आली. अधिसूचनेने काम भागले नाही. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्ष उभी राहण्यास २००७ साल उजाडले. आठ वर्षे लागली खरी, पण आदेश फाईलीत हरवला नाही.

याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्या बंदराची पायाभरणी झाली. हा निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी जिल्ह्यात तीव्र मतभेद आहेत. एवढे मात्र दिसते की, वरून नेमलेल्या यंत्रणेचा होकार किंवा नकार कायमचा नसतो.

म्हणूनच गावातल्या लहान यंत्रणेकडे लक्ष द्यावयास हवे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातील जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना राज्य मंडळाने या समितीचा सल्ला घ्यावा, असे तेच कलम सांगते. गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे, हे समितीचे मुख्य काम. ही नोंदवही केवळ उपचार म्हणून भरली असेल, तर उद्या सुनावणीच्या दिवशी मच्छीमार, वाडवळ बागायतदार आणि आदिवासी यांच्या अनुभवाला कागदाचा आधार उरत नाही.

व्यापारी समाजाला हिशेबाची वही नवी नाही. संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव कोरले जाते, नोंदवहीवर येत नाही; त्यामुळे अशा कार्याला दाते दुर्मिळ, हे स्पष्ट बोललेले बरे. तथापि ट्रस्टने दोन तरुणांचे वर्षभराचे मानधन आणि प्रवासखर्च उचलला, तर ग्रामपंचायतीच्या संमतीने जुन्या जाणत्यांकडे बसून ही वही खऱ्या अर्थाने भरता येईल. आरंभ शीतलादेवी मंदिराजवळच्या कुंडापासून करावा: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, त्यात कोणते जीव आढळतात, पूर्वी कोणते आढळत होते.