लेकरांची वही

आम्ही आरमोरीहून बोलतोय.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली. खेळायला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. अंगणवाडीची कल्पना अशी रुजली.

आपल्याकडेही चिंचोके आहेत, पळसाची पानं आहेत. अंगणवाडीच्या ताईंसोबत आदल्या दिवशी एकच खेळ ठरवा : उद्या पानं लहान-मोठी लावायची. खेळ झाल्यावर दोन मिनिटं बसा. कोण रमलं? कोण गप्प राहिलं?

घरी गोंडी बोलणारं लेकरू मराठी ऐकून गप्प बसलं, तर त्याला येत नाही असं धरू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीला बोलवा. तोच खेळ गोंडीतून होऊ द्या आणि त्याचे हात काय करतात ते पाहा. वहीत एक ओळ लिहा. उद्याचा खेळ त्या ओळीवरूनच ठरवा.

बचतीचा पै-पैचा हिशेब आपण लिहितोच. लेकरांचीही एक वही असू द्या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक खेळ ठरवून यावं.