मण्यार की कवड्या?

झाशीजवळच्या बरुआसागरासारख्या तलावाकाठच्या वस्तीत पावसाळ्यात साप घराच्या आश्रयास येतो. काळसर अंगावर पांढरे पट्टे दिसताच तो विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या, हा प्रश्न उभा राहतो. मण्यारचे पट्टे बहुधा जोडीने असतात. ते मानेजवळ पुसट, शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे नेमके उलट. तथापि ही पारख दुरूनच करावी. मण्यारचा दंश अनेकदा रात्री, झोपेत, फारशा वेदनेवाचून होतो. म्हणून नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. ओळख पटविण्यासाठी साप पकडण्याची वा मारण्याची गरज नसते. हे ज्ञान शाळेतून घरोघरी पोहोचावे.