चार चाकं, एक नळी



सॉफ्टवेअरच्या नोकरीबाहेर मी काय करते, तर बाबांची जीप दुरुस्त करते. महिंद्राची सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच, कारण हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत. एक्झॉस्टचे मात्र खाली ब्लॉकमध्ये. टॅपेट सेट करताना खालच्यांसाठी बाजूचं झाकण उघडायचं, अंगाची घडी करून!

खरी काळजी ब्रेकची. सरांनी पास्कलचा नियम शिकवला होता: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. आमच्या जीपमध्ये एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने चारही चाकांना दाब जायचा. म्हणजे एका चाकाचा होजपाइप फुटला, की पेडल थेट तळाला. म्हणून मी पुढची-मागची चाकं वेगळी करणारा टँडेम मास्टर सिलिंडर बसवला. एक बाजू गेली, तरी दुसरी गाडी थांबवते; अंतर जास्त लागतं, पण थांबवते.

भाऊ रागावला. बाबांची गाडी होती तशीच राहू दे, म्हणाला. इंजिन मी तसंच ठेवलंय, डिझेल बसवण्याचे सल्ले सगळ्यांनी देऊनही. पण आता शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलते. लेक पेडल दाबते, मी चाकाशी आडवी होऊन बुडबुडे संपेपर्यंत ब्लीड करते. परवाच ते काम उरकलं.

जीप बाहेर मैदानात उभी आहे. चालवून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, क्लच जड आहे.