वस्तूची किंमत आणि वस्तूचे आयुष्य
(पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी घरातल्या यंत्रांविषयी बोलणार आहे. मुलांची फी आणि या यंत्रांचा खर्च एकाच पगारातून निघतो, म्हणून हा विषय शिक्षणाचाही आहे.

अम्मीने १९८४ साली घेतलेला मिक्सर आमच्या घरी अजून चालतो. त्याचे कार्बन अनेकदा बदलले. दर वेळी थोडक्यात भागले. उलट हप्त्यावर घेतलेले कपडे धुण्याचे यंत्र पाचव्याच वर्षी खडखडू लागले. कारागीर म्हणाला, "बेअरिंग गेलंय, पण टाकी कारखान्यातच बंद केलेली आहे. उघडत नाही. सगळी टाकीच बदलावी लागेल." तो खर्च जवळजवळ नव्या यंत्राइतका! मुलीच्या वसतिगृहासाठी ठेवलेले पैसे नव्या यंत्रात गेले आणि ती वर्षभर एस.टी.ने ये-जा करीत राहिली.

झीज प्रत्येक यंत्राला असते. कार्बन झिजायचेच. जार अडकला तर कपलर तुटतो, पण मोटार वाचते. हा दोष नव्हे. झिजणारा भाग बदलताच येऊ नये अशी रचना करणे, हा दोष.

ही वृत्ती नवी नाही. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हा येथे बल्ब बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसांत करार केला. त्यापूर्वी दीड-दोन हजार तास जळणाऱ्या बल्बचे आयुष्य त्यांनी एक हजार तासांवर आणले. ज्याचा बल्ब जास्त टिके, त्या सभासदाला दंड होई! दुसऱ्या महायुद्धात हा करार मोडला. धडा मात्र राहिला.

मग आपण काय करावे? समजा, एक यंत्र २,४०० रुपयांचे, तीन वर्षे टिकणारे. दुसरे ४,८०० चे, बारा वर्षे टिकणारे. पहिले वर्षाला ८०० रुपयांना पडते, दुसरे ४०० ला. स्वस्त कोणते? मात्र केवळ महाग म्हणून टिकाऊ समजू नका. दुकानात विचारा : सुटे भाग मिळतात का? गावातल्या कारागिराला ते उघडता येते का? मोटारीची तार तांब्याची की ॲल्युमिनियमची? पावती आणि हमीपत्र जपून ठेवा. जुने तेवढे सोने, असेही नाही. जुना फ्रिज वीज जास्त खात असेल, तर तोही हिशेब मांडा.

विद्यार्थी मित्रांनो, केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण हक्क कागदावर असून भागत नाही. पेचकस धरणारा हातही हवा. मुलांनी आणि मुलींनीही हे काम शिकावे. त्यात कमीपणा नाही, उलट घराची बचत आहे.

वाचलेला रुपया मुलांच्या पुस्तकांत जावो.