आग विझवायला दिल्ली येत नाही

आजचा एपिसोड छोटा आहे. घरातून निघाला असाल, तर लिफ्ट सोडा आणि जिन्याने उतरता उतरता ऐका. का, ते शेवटी सांगतो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. रात्री सर्व्हर पडला तर कोणाला फोन करायचा, आधी काय बंद करायचं, हे सगळं आमच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. पण मागच्या वर्षी रात्री दोन वाजता बिल्डिंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला, तेव्हा मेन स्विच कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. १०१ लावला. तिकडून विचारलं, "विंग कोणती? गेट कुठल्या रस्त्यावर?" मी अडखळलो. बंब लवकर आला, पण आत येईना. वळणावर दोन गाड्या आडव्या लावलेल्या. त्यातली एक माझी.

गाड्या हलवण्यात दहा मिनिटं गेली. तोवर सातव्या मजल्यावरच्या आजी धुरात अडकल्या होत्या. जवानांनी त्यांना उचलून खाली आणलं. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, आता बऱ्या आहेत. जिन्यात भेटल्या की हसतात. नजर मीच चुकवतो.

दुसऱ्या दिवशी मी चिडून शोधायला बसलो, सरकार नक्की करतं तरी काय? आणि मग एकेक गोष्ट कळत गेली.

पहिली गोष्ट, बंब दिल्लीचा नसतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत येतं. मग केंद्राचं काम काय? गृहमंत्रालयाखाली अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण आणि होमगार्ड यांचं एक महासंचालनालय आहे. ते स्वतः आग विझवायला येत नाही, पण विझवणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहतं.

म्हणजे कसं? एक, शिक्षण. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं, पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले फायर ऑफिसर तिथे तयार होतात.

दोन, पैसा. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालायचा. त्यातले ५०० कोटी कायदे आणि यंत्रणा सुधारणाऱ्या राज्यांसाठी वेगळे ठेवलेत.

तीन, नियम. भारतीय मानक ब्युरोच्या नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा चौथा भाग आगीपासून बचावाबद्दलच आहे. जिना किती रुंद हवा, बंबाला वाट किती हवी, सगळं त्यात आहे. पण हा कोड आपोआप कायदा होत नाही, राज्यं आणि पालिका तो आपल्या नियमांत घेतात. महाराष्ट्रात २००६ चा वेगळा कायदाही आहे. त्यानुसार लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये 'फॉर्म बी' द्यावा लागतो. आमच्याकडे भिंतीवरच्या सिलिंडरवर तारीख होती दोन वर्षांपूर्वीची!

आता बघा, कॉलेज आहे, पैसा आहे, कोड आहे. हे सगळं आमच्या गेटपर्यंत आलं आणि माझ्या गाडीपाशी अडकलं. ही चूक कोणाच्या नावावर टाकू?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली, स्फोट झाले. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपण त्या आठवड्यात स्टेटस ठेवतो आणि विसरतो.

म्हणून आज तीनच कामं करा. मेन स्विच कुठे आहे ते बघून या. विंग, गेट आणि जवळची खूण घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. १०१ आठवला नाही तर ११२ लावायचा, हेही सांगा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाका, "फॉर्म बी दिलाय का?"

आणि हो, जिना. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. त्या जिन्यात जुनी सायकल, कुंड्या, चपलांचं कपाट असेल, तर आज रात्रीच हलवा.

माझी गाडी आता बाहेर रस्त्यावर असते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!